नऊ गाठी आणि एक सासरा

सुळकाईच्या डोंगराखाली करंजवाडी नावाचं गाव होतं आणि त्या गावात बुधा नावाचा एक भोळा गडी राहत होता. भोळा म्हणजे किती? सावलीत बस म्हटलं, की बसायचा. सावली सरकली, की तिच्याबरोबर सरकायचा. दिवस मावळेपर्यंत सगळं अंगण फिरून व्हायचं. शेळीवर नजर ठेव म्हटलं, तर शेळी पळून गेली तरी हा नजर ठेवून. "जाताना पाहिली," म्हणायचा. "पार दिसेनाशी होईपर्यंत पाहिली."

अंगानं मात्र दणकट. धान्याचं पोतं एका खांद्यावर घ्यायचा आणि दुसऱ्या खांद्यावर काय घेऊ, म्हणून विचारायचा.

या बुधावर केरबातात्यांच्या हौसाचा जीव होता. गावाला त्याचं मोठं नवल. हौसा हुशार, तिखट, कुणाचं न ऐकणारी. मैत्रिणी म्हणायच्या, "अगं, त्याच्यात बघितलंस तरी काय?"

"या गावात बोलणारे ढीगभर आहेत," हौसा म्हणायची. "ऐकणारा एकच आहे."

एकदा सकाळी तिनं त्याला विहिरीपाशी थांबायला सांगितलं आणि विसरून गेली. संध्याकाळी पाण्याला गेली, तर हा तिथंच उभा. डोक्यावर कावळा बसलेला.

"अरे, हाकलला का नाहीस?"

"तू थांब म्हणालीस. हाकल नाही म्हणालीस."

त्याच दिवशी हौसानं ठरवलं, करीन तर यालाच.

पण करंजवाडीत मुलीनं ठरवून भागत नसे. तिथली रीत निराळी होती. होणाऱ्या जावयानं सासऱ्याला सुळकाईच्या डोंगरावर न्यायचं, देवीचं दर्शन घडवायचं आणि सुखरूप खाली आणायचं. वाटेत लागेल ते सामान जावयानं बांधायचं, जावयानंच वाहायचं. सासऱ्यानं रिकाम्या हातांनी चालायचं आणि कुरकुर करायची. पायथ्याच्या पारावर गुरवकाका सुपारी घेऊन बसायचे. सासरा खाली आला, की त्याला पुढून-मागून न्याहाळायचे. अंगावर ओरखडा नसला, की सुपारी फोडायचे. झालं, लग्न ठरलं. जो डोंगरावर म्हातारा सांभाळतो तो घरात बायको सांभाळतो, असं जुन्या लोकांचं म्हणणं. मग थेट बायकोलाच डोंगरावर नेऊन बघावं, असं कुणा जुन्या माणसाला कधी सुचलं नव्हतं.

नवरात्र सरलं, की पुढचे चार मंगळवार या कामाचे. चारांत जमलं तर जमलं. नाही तर सुपारी दुसऱ्याची. आणि दुसरा तयारच बसला होता. घाटावरचा सर्जेराव, तट्टांचा व्यापारी. मिशा दोन, दात एक. तात्यांना तो फार पसंत.

"तुमच्याच बरोबरीचा आहे तो, तात्या," हौसा म्हणाली. "तुम्हीच जा नांदायला."

"तोंड आवर. चार मंगळवार तुझ्या बुधाचे. त्यानंतर मी कुणाचं ऐकायचा नाही."

"आत्ता कुणाचं ऐकता?"

पहिल्या मंगळवारच्या आदल्या दिवशी बुधा विचारायला आला. "तात्या, सामान काय काय घेऊ?"

हौसा दारातून म्हणाली, "मी सांगते. मी रोज लाकडांना अर्धा डोंगर—"

"बायकांनी डोंगराच्या गोष्टीत पडू नये," तात्या म्हणाले. तात्या स्वतः त्या डोंगरावर शेवटचे गेले होते ते त्यांच्या सासऱ्याला घेऊन. "हे बघ बुधा, डोंगर चढायचा तर ओझं हलकं पाहिजे. हलकं असेल तेवढंच घे. जड लागलं, की बाजूला काढ."

बुधानं मान डोलावली. "लक्षात ठेवीन."

आणि त्यानं ठेवलं. तेच वाईट झालं.

घरी जाऊन त्यानं एकेक वस्तू हातात घेऊन पाहिली. पाण्याचा भोपळा जड लागला. पाणी ओतून दिलं, तर हलका लागला. घेतला. भाकऱ्या जड. ठेवल्या. दोर जड, काठी जड, घोंगडी तर फारच जड. मग हलकं काय? त्यानं अख्खं घर धुंडाळलं, गोठा धुंडाळला, बांधावरची बाभळ धुंडाळली. मंगळवारी निघाला तेव्हा पाठीवर एवढं मोठं गाठोडं आणि चाल वाऱ्यासारखी. तात्या मागून बघत होते. म्हणाले, "शाब्बास! असं बांधतात सामान."

अर्धा डोंगर चढल्यावर तात्या दगडावर बसले. "पाणी दे रे."

बुधानं भोपळा दिला. तात्यांनी तोंडाला लावला. आतून एक मुंगी आली.

"पाणी कुठंय?"

"जड होतं."

"भाकरी?"

"तीपण जड होती."

"मग त्या गाठोड्यात आहे काय?"

बुधानं गाठोडं सोडलं. कोंबडीची पिसं. सुगरणीचं जुनं घरटं. पायलीभर लाह्या. "सगळं हलकं आहे, तात्या. उचलून तरी बघा."

तात्यांना भूक फार लागली होती. त्यांनी लाह्या खाल्ल्या. कोरड्या घशात कोरड्या लाह्या. त्या तिथं ज्या बसल्या त्या बसल्याच. तात्या देवीचं तोंड न बघता खाली आले आणि दोन दिवस त्यांचा आवाज फुटला नाही. हौसा म्हणाली, अगदीच काही फुकट गेला नाही मंगळवार.

तिसऱ्या दिवशी आवाज आला आणि आल्या आल्या बुधावर गेला. "गाढवा! डोंगरावर आधी पाणी लागतं! रिकामं भांडं घेऊन कुणी डोंगर चढतं का? रिकामं दिसेल ते भर! काठोकाठ भर!"

"तात्या, नीट सांगा," हौसा म्हणाली. "काय भरायचं ते सांगा."

"मला शिकवू नकोस. तो काही लहान आहे का?"

बुधानं मान डोलावली. "लक्षात ठेवीन."

आणि ठेवलं.

दुसऱ्या मंगळवारी त्यानं भोपळा काठोकाठ भरला. इथवर सगळं ठीक होतं. मग भाकरीचा डबा पाहिला. वरच्या भाकरीच्या आणि झाकणाच्या मध्ये रिकामी जागा होती. भरली. सुळकाईची मूर्ती गुहेत, आत काळोख, म्हणून कंदील घ्यायचा होता. कंदिलात रॉकेल अर्धंच होतं. वरून पाण्यानं भरला. काडेपेटीत पाच काड्या होत्या, बाकी पेटी रिकामी. भरली. तात्यांचे नवे जोडे गाठोड्यात होते. ते तर दोन्हीच्या दोन्ही रिकामे.

गावाची शीव ओलांडली, खडक लागला. तात्या म्हणाले, "आण जोडे." बुधानं दोन्ही हातांत धरून, न सांडता, पुढं केले. वर बघून चालणाऱ्या तात्यांनी पाय घातला. पचाक.

"हे काय रे?"

"काठोकाठ आहेत," बुधा म्हणाला. "बघून घ्या."

तात्यांनी त्या दिवशी भाकरी खाल्ली नाही, प्याली. पण जिद्दीनं गुहेपर्यंत पोचले. आत मिट्ट काळोख. कंदील पेटेना. काडी ओढली तर तिचा लगदा झाला. तात्या म्हणाले, जाऊ दे, आई अंधारातही ओळखते. चाचपडत पुढं गेले, गुडघे टेकले, आणि समोर जे लागलं त्याच्या पायावर मनोभावे डोकं ठेवलं.

तो गुराख्याचा बोकड होता. उन्हाचा आत येऊन बसला होता.

खाली पारावर गुरवकाकांनी तात्यांचं कपाळ निरखलं. "ओरखडा नाही म्हणता येणार. टेंगूळ आहे." बराच विचार केला आणि सुपारी परत खिशात टाकली. "टेंगूळ चालायचं नाही."

तात्या कपाळाला हळद लावून ओरडत बसले. "ओलं म्हणजे मेलं, समजलास? डोंगरावर सामान कोरडं राहिलं पाहिजे! मेणकापडात गुंडाळ. घट्ट आवळ. गाठीवर गाठ मार. थेंबभर पाणी आत जाता कामा नये!"

"तात्या," हौसा म्हणाली, "पुन्हा तेच करताय."

"चूप."

"लक्षात ठेवीन," बुधा म्हणाला. आणि ठेवलं.

तिसऱ्या मंगळवारी त्याच्या गाठोड्यात सगळं होतं आणि काहीही सापडत नव्हतं. भाकरी मेणकापडात. काठी मेणकापडात. भोपळ्याचं तोंड मेणकापडानं असं आवळलेलं, की पाणी आत जात नव्हतं तसं बाहेरही येत नव्हतं. मीठ तर त्यानं सात वेळा गुंडाळलं आणि सात गाठी मारल्या. मीठ पटकन भिजतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

मीठ कशाला? तर त्या डोंगरात पावसाळा सरला तरी सावलीच्या वाटेला जळवा असतात. जळू चिकटली, की तिच्यावर चिमूटभर मीठ टाकायचं. सुटून पडते.

तात्यांच्या पोटरीला चिकटली.

"मीठ! बुधा, मीठ टाक!"

"टाकतो," म्हणत बुधा बसला आणि पहिली गाठ सोडायला लागला. बुधाची गाठ म्हणजे बैलांनी ओढली तरी न सुटणारी. नखांनी सोडली. दुसरी दातांनी सोडली. जळू तोवर वांग्याच्या देठाएवढी झाली होती. तिसऱ्या गाठीला वांग्याएवढी झाली. तात्या एका पायावर नाचत होते. "अरे, लवकर! अरे, कापून टाक!"

"कापलं तर भिजेल की."

पाचव्या गाठीला जळवेचं पोट भरलं आणि ती आपणहून गळून पडली. सातव्या गाठीला मीठ निघालं. बुधानं बोटावर घेऊन तात्यांना दाखवलं. "ठणठणीत कोरडं. एक थेंब आत गेला नाही."

गुरवकाकांना पोटरीकडे नीट बघावंही लागलं नाही.

आता उरला एक मंगळवार. सर्जेरावानं घाटावरून निरोप धाडला, की चौथा मंगळवार सरला, की शुक्रवारी बघायला येतो, नवा फेटा घेतला आहे. त्या दिवशी हौसा जेवली नाही. रडलीही नाही. ती तात्यांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली.

"तात्या, तीन मंगळवार तुम्ही सांगितलंत. तुम्ही सांगितलंत तसं त्यानं तंतोतंत केलं. हलकं घे म्हणालात, हलकं घेतलं. भर म्हणालात, भरलं. आवळ म्हणालात, आवळलं. ऐकणारा चुकला नाही. सांगणारा चुकला. आता मी सांगणार."

तात्यांचा घसा खवखवत होता, कपाळ ठणकत होतं आणि पोटरी खाजत होती. रीत आठवायला त्यांच्यात जोर नव्हता. "सांग बाई," ते म्हणाले. "सांग."

हौसानं सोमवारी बुधाला ओट्यावर बसवलं. सामान समोर मांडलं. हातात एक सुतळी घेतली.

"हा भोपळा. यात पाणी, आणि फक्त यातच पाणी. कळलं? ही त्याची गाठ." तिनं सुतळीला गाठ मारली. "या भाकऱ्या, फडक्यात. भाकऱ्या संपल्या तरी फडकं परत यायला हवं. ही मिठाची पिशवी, कमरेला, तोंड सैल. दोर. काठी. बसायला घोंगडी. हा कंदील, यात रॉकेल, मी स्वतः भरलंय, हात लावू नकोस. काडेपेटी या बांबूच्या नळीत. आणि ही हळदीची पुरचुंडी, कुठं खरचटलं तर."

"नऊ झाल्या," बुधा म्हणाला.

"नऊ. नेताना नऊ, आणताना नऊ. खाली उतरायच्या आधी सुतळी हातात घे आणि गाठीगणिक वस्तू बघ. एकही कमी नको, एकही जास्त नको. काय सांगितलं?"

"नेताना नऊ, आणताना नऊ."

तिनं तीनदा म्हणवून घेतलं. मग तात्यांकडे वळून म्हणाली, "सांगणं म्हणजे काय असतं, ते बघून घ्या."

"लक्षात ठेवीन," बुधा म्हणाला.

चौथ्या मंगळवारी अख्खं गाव पारापाशी जमलं. कुणी हलगी आणली होती. हौसा पाराच्या कडेला उभी राहून डोंगराकडे बघत होती. चढावर दोन ठिपके दिसत होते. एक नेटानं पुढं चालत होता. दुसरा थांबून थांबून हातवारे करत होता, म्हणजे तात्या. एकदा दोघे बसलेले दिसले. पाणी प्याले असतील, तिनं ताडलं. मग उठले. मग सावलीची वाट आली. ती श्वास रोखून बघत होती. ओरडण्याचा आवाज आला नाही. सूर्य डोक्यावर यायच्या आत दोघे सुळक्यावर पोचले आणि दिसेनासे झाले. वरून घंटेचा आवाज आला. बारीक, पण स्वच्छ.

"दर्शन झालं!" गुरवकाका म्हणाले आणि खिशातून सुपारी काढून पुसायला लागले.

हौसानं शेजारणीला मिठीच मारली.

जेवणवेळ टळून गेली तेव्हा बुधा उतरून आला. ताठ मानेनं आला. पारावर त्यानं गाठोडं सोडलं, सुतळी हातात घेतली आणि सगळ्या गावादेखत वस्तू मांडल्या. भोपळा. फडकं. मिठाची पिशवी. दोर. काठी. घोंगडी. कंदील. नळी. पुरचुंडी.

"नऊ," तो म्हणाला. "एक कमी नाही, एक जास्त नाही."

हौसा त्याच्या मागच्या वाटेकडे बघत होती. वाट रिकामी होती.

"बुधा," ती म्हणाली, "तात्या कुठंयत?"

"वर."

"वर काय करतायत?"

"झोपलेत. भाकरी खाल्ली, बुधा जमलं रे तुला म्हणाले, आणि घोंगडीवर आडवे झाले."

"घोंगडी तर इथं आहे."

"हळूच ओढून घेतली. झोपमोड केली नाही मी, हौसा. घोरणं तुटलं नाही त्यांचं."

"अरे, पण त्यांना का नाही आणलंस?"

बुधानं सुतळी तिच्यापुढं धरली. "त्यांची गाठ कुठली?"

हौसानं सुतळी पाहिली. एकदा पाहिली, दोनदा पाहिली. भाकरीच्या फडक्याची गाठ तिनं मारली होती. चिमूटभर हळदीची मारली होती. जन्मदात्याची मारायची राहिली होती. तिला हसू आलं आणि हसू आल्याची लाज वाटली. हसू जरा जास्त होतं.

तेवढ्यात सुळक्यावरून आरोळी ऐकू आली. तात्या जागे झाले होते.

"दिवस मावळला की चौथा मंगळवार संपला," गुरवकाका म्हणाले. "मग माझ्या हातात काही नाही, पोरी."

हौसाचं हसू विरलं. सर्जेरावाचा नवा फेटा तिच्या डोळ्यांसमोर उभा राहिला. बुधा मात्र शांतपणे सगळं सामान परत गाठोड्यात बांधायला लागला होता. आधी भोपळा. मग फडकं.

"ते काय करतोयस?"

"नेताना नऊ."

"ठेव ते!" हौसा किंचाळली. "काही नको! पळत वर जा आणि तात्यांना घेऊन ये. नुसते तात्या! तात्यांशिवाय दुसरं काही आणायचं नाही!"

"दुसरं काहीच नाही?"

"सुताचा धागासुद्धा नाही! आणि खांद्यावर घेऊन ये, म्हणजे ओरखडा उठणार नाही. दिवस मावळायच्या आत. कळलं?"

"लक्षात ठेवीन," बुधा म्हणाला आणि पळाला.

तो डोंगर असा चढला, की करंजवाडीत कुणी कधी चढलं नव्हतं. पाठीवर काही नव्हतं ना. गाव माना वर करून बघत राहिलं. तो सुळक्यावर दिसेनासा झाला, आणि मग वरून असा काही गलका ऐकू आला, की झाडांवरची वानरं खाली उतरली. "अरे, हे काय करतोस? अरे, सोड! अरे, माणूस आहेस का कोण?"

"घाबरलेत बिचारे," गुरवकाका म्हणाले.

ऊन पिवळं झालं. केशरी झालं. डोंगराची सावली पारापर्यंत आली आणि शेवटच्या वळणावर बुधा दिसला. पळत येत होता. खांद्यावर तात्या होते. हलगीवाल्यानं जोरात काठी मारली, पोरं नाचायला लागली, हौसाच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग तो जवळ आला आणि हलगी थांबली.

बायकांनी माना फिरवल्या. पोरं पुढं सरकली.

तात्यांच्या डोक्यावर फेटा नव्हता. अंगात बंडी नव्हती. धोतर नव्हतं, जोडे नव्हते. कानातली भिकबाळी नव्हती, गळ्यातली तुळशीची माळसुद्धा नव्हती. जे काही होतं ते एक लंगोट होता, आणि तो तात्यांनी दोन्ही हातांनी असा घट्ट धरला होता, की बुधाला मारायला त्यांना तिसरा हात नव्हता.

बुधानं त्यांना अलगद पारावर उभं केलं.

गुरवकाकांनी चष्मा पुसला. पुढून पाहिलं. मागून पाहिलं. आयुष्यात इतकी सोपी तपासणी त्यांनी केली नव्हती. "कपाळ बरं झालंय," ते सावकाश म्हणाले. "पोटरी भरून आलीय. पाठ स्वच्छ. मांड्या स्वच्छ. नवा ओरखडा म्हणून कुठं—"

"फोडा हो ती सुपारी!" तात्या ओरडले. वारा गार सुटला होता. "फोडा लवकर, आणि कुणीतरी मला धोतर द्या!"

अडकित्त्याचा आवाज झाला. सुपारी फुटली. डोंगरामागं दिवस बुडाला आणि हलगी पुन्हा सुरू झाली. सगळं गाव हसत होतं, आणि हौसा तर पाराला धरून हसत होती.

बुधा तेवढा हसत नव्हता. मान खाली घालून तो तिच्याजवळ आला.

"हौसा, रागावू नकोस," तो हळूच म्हणाला. "एक वस्तू जास्त आली. पुष्कळ ओढला गं, पण तात्या सोडेचनात."